नाव घेतल्यावर वळते का?

महिन्याच्या वजनाच्या दिवशी माझा आवाज चढायचा. हे मला तेव्हाही कळत होतं आणि मला त्याचं कौतुकच वाटायचं. अंगणवाडीच्या दारात काटा टांगलेला, त्याला चड्डीसारखी झोळी, झोळीत रडणारं पोर आणि भोवती पदर सावरून बसलेल्या आया. मी काटा वाचायचे, वाढीच्या तक्त्यावर खूण करायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "हिरव्यात." किंवा, "पिवळ्यात गेलंय. घरात शिजवता का न्हाई काही?" लाल म्हणायची वेळ आली की आधी थोडी थांबायचे. कुणाचं पोर कोणत्या रंगात आहे हे त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगायचं असतं, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. तेवढं एक सोडून बाकी सगळं मी लक्षात ठेवलं होतं.

आमचं गाव लिंबागणेशच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत. मी इथली सून. आमच्या वस्तीत बारावी होऊन सेविका झालेली पहिलीच. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की म्हाताऱ्या बाया माझ्याकडे बोट दाखवून आपल्या सुनांना म्हणायच्या, "तिच्यासारखं व्हा." गावातल्या मोठ्या घरांत मी ओसरीच्या पुढे कधी गेले नव्हते, कुणी बोलावलंही नव्हतं. अंगणवाडीची वही हातात आली आणि त्याच घरांतल्या सुना पोरं कडेवर घेऊन माझ्यापुढे रांगेत बसायला लागल्या. त्यांना बोलायचा हक्क मला मिळाला आणि मी तो पुरेपूर वसूल केला. आज लिहिताना लाज वाटते, पण त्यात मला गोडी वाटायची.

अशाच एका घरातली सून होती. विहीर, दोन ट्रॅक्टर, सासरे गावच्या राजकारणात. तिचा मुलगा दीड वर्षाचा, गोरापान, कधी त्रास न देणारा. आमच्याकडे प्रत्येक मुलाचं एक कार्ड असतं, त्यावर वयाप्रमाणे चित्रं असतात: मान धरते का, बसते का, नाव घेतल्यावर वळते का. मी त्या मुलाच्या मागे उभी राहिले आणि टाळी वाजवली. मग डबा वाजवला. मग हाक मारली. पोर समोरच्या मुंग्या बघत राहिलं.

"दीड वर्साचं लेकरू हाय तुमचं. हाक मारली तर बघत न्हाई. आन तुमी म्हनता शांत हाय."

"लई गुनाचा हाय ओ ताई," ती हळूच म्हणाली.

"गुनाचा न्हाई, त्याला ऐकू येत न्हाई. आई हाय का कोन तुमी? उद्याच्या उद्या बीडला जायचं. न्हाई गेलात तर मी सासऱ्यांकडं येते."

ती रडायला लागली. पंधरा-वीस बाया होत्या, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी चिठ्ठी लिहून तिच्या हातात कोंबली आणि पुढच्या पोराला झोळीत घातलं.

ती दुसऱ्याच दिवशी बीडला गेली. तपासण्या झाल्या, थोड्या महिन्यांनी पोराच्या दोन्ही कानांना मशीन लागलं आणि त्याला बोलायला शिकवण्यासाठी ती दर आठवड्याला बीडच्या खेपा घालू लागली. अडीच वर्षांचा झाला तेव्हा तो "आई" आणि "पानी" म्हणत होता. तालुक्याच्या बैठकीत मुख्यसेविकांनी मला उभं केलं, शाल-नारळ दिला आणि सगळ्या सेविकांना सांगितलं की काम असं करायचं असतं. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे.

मी त्या बाईला रागावत होते तेव्हा माझी स्वतःची मुलगी दहा महिन्यांची होती. त्याच खोलीत कोपऱ्यात झोळीत झोपली होती. डबा वाजवला तरी ती उठली नव्हती.

ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते ती सव्वा वर्षाची झाल्यावर. आमच्या मदतनीस मावशींच्या हातून स्टीलच्या ताटांची चळत फरशीवर पडली. सगळी पोरं दचकली, दोन रडायला लागली. माझी मुलगी दाराकडे तोंड करून बसली होती, ती मणी ओवल्यासारखं करत तशीच बसून राहिली. मावशींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत्ताच उठलीय, झोपेत हाय अजून," मी म्हणाले.

मावशी ताटं गोळा करू लागल्या. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या होत्या, पण वही माझ्या हातात होती.

गावातल्या एकूणएक मुलाच्या मागे उभी राहून टाळी वाजवणारी मी, त्यानंतर तीन महिने माझ्या मुलीच्या मागे उभी राहिले नाही. पाठमोरी बसलेली दिसली की वळसा घालून समोर जायचे आणि मगच हाक मारायचे. मग एका दुपारी घरात कुणी नसताना टाळी वाजवली. ती वळली नाही. पुन्हा वाजवली, तळहात लाल होईपर्यंत. तेवढ्यात रस्त्याने ट्रॅक्टर गेला आणि तिने मान वर करून दाराकडे पाहिलं. मी तिला उचलून पटापट पापे घेतले. येतंय की ऐकू! सासूबाई शेतातून आल्यावर मी त्यांना विचारलं, हे लहानपणी कधी बोलायला लागले.

"त्याला चार वरीस लागले," सासूबाई म्हणाल्या. "मंग थांबला का? आता कसा बोलतो."

मी हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. माझे यजमान दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर. त्यांनी एकदा विचारलं होतं, पोरगी बोलत कावून न्हाई अजून. मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाले, "तू त्यातली हायस, तुला कळतं." घरात, वस्तीत, गावात सगळ्यांचं हेच म्हणणं होतं. मला कळतं, म्हणून कुणी पुन्हा विचारलं नाही.

आणि मला खरंच कळत होतं. कार्डावरचा प्रत्येक प्रश्न मला तोंडपाठ होता. माझी मुलगी माझ्याच अंगणवाडीत असल्यामुळे तिचं कार्ड भरणारी मीच होते. नाव घेतल्यावर वळते का? होय. दोन शब्द जोडून बोलते का? होय. सांगितलेलं एक साधं काम करते का? होय. दुसऱ्यांच्या मुलांची कार्डं भरताना मी बरोबरची खूण घाईत करायचे, तिची मात्र सावकाश, नीट करायचे. आजही ते कार्ड काढून बघितलं तर त्या खुणा सगळ्यात सुबक आहेत.

मी हे का केलं, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच प्रकारे दिलंय. भीती होती, ते खरं. पण भीतीपोटी लोक धावत दवाखान्यात जातात, ती बाई गेलीच होती. माझं खरं कारण तीच बाई होती. तिच्या पोराचं मी चारचौघांत बोलले होते, आता माझ्या पोरीचं चारचौघांत होणार. मोठ्या घरातल्या सुना घरी जाऊन म्हणतील, बघा, दुसऱ्याला शिकवत होती. वस्तीतल्या म्हाताऱ्या बोट खाली घेतील. माझ्या लेकराच्या कानापेक्षा मला माझं नाक मोठं झालं होतं, दुसरं काही नाही.

ती दोन वर्षांची असताना मुख्यसेविका भेटीला आल्या. त्या कार्डं काढून एकेका मुलाला स्वतः बघत होत्या. आमच्याकडे खाऊची पाकिटं ठेवायला एक मोठी पत्र्याची पेटी आहे. मी मुलीला उचलून त्या पेटीवर बसवलं आणि पेटीला खेटून उभी राहिले. बाईंनी कार्ड हातात घेतलं तसं मी मुलीचं नाव घेतलं आणि टाचेने पेटीला हळूच धक्का दिला. पत्रा हलला की ती माझ्याकडे बघते, हे मला ठाऊक होतं. मुलगी वळली आणि हसली. "हुशार आहे," बाई म्हणाल्या आणि खाली सही केली.

त्या गेल्यावर मी मुलीला तिथेच बसवून पुन्हा नाव घेतलं, धक्का न देता. ती पाकिटाचा कोपरा चावत बसली होती. मला तिचाच राग आला. तिच्या हातातलं पाकीट मी ओढून घेतलं, ती रडली आणि मावशींनी तिला उचलून बाहेर नेलं.

वर्षातून दोनदा मुलांच्या तपासणीची गाडी गावात यायची, डॉक्टर असायचे. त्या दिवसांची तारीख मला आधी कळायची. दोन्ही वेळा मी आदल्या दिवशी तिला सासूबाईंबरोबर नांदूरघाटला, माझ्या नणंदेकडे पाठवलं. हजेरीत लिहिलं, 'गावाला गेली'. पुढच्या वर्षीही तेच. चार वेळा ती गाडी माझ्या दारात उभी राहिली आणि चारही वेळा मी बाकीच्या मुलांना रांगेत उभं करून डॉक्टरांना चहा दिला.

ती तीन वर्षांची असेल तेव्हा ती मोठ्या घरची सून एका दुपारी अंगणवाडी सुटल्यावर आली. मी वही पूर्ण करत होते. तिचा मुलगा बाहेर माझ्या मुलीबरोबर मातीत खेळत होता आणि सतत काहीतरी बडबडत होता, थोडं बोबडं, पण बडबडत होता. ती दारातच उभी राहिली.

"ताई, राग न्हाई ना येनार?"

"बोला की."

"तुमच्या लेकीचं... आमचा असाच व्हता. मी वळखते. माज्यासंगं बीडला चला. मी समद्यांना वळखते तिथं. कुनाला काय सांगायचं न्हाई, आपुन दोघीच जाऊ."

इतकं मऊ बोलली ती. आवाज खाली ठेवून, आजूबाजूला कुणी नाही हे बघून. मी तिच्याशी जसं वागायला हवं होतं, नेमकं तसं ती माझ्याशी वागत होती. आणि मला काय ऐकू आलं? मोठ्या घरची बाई उपकार करायला आली. मी वही मिटली.

"तुमच्या घरात असंल ते आमच्या घरात असंलच असं न्हाई," मी म्हणाले. "माझी पोरगी उशिरा बोलनारी हाय. तिचा बाप बी तसाच. आन मला शिकवू नका, मला शासनानं शिकवलंय."

ती मुलाला हाक मारून निघून गेली. मुलगा हाकेसरशी उठला आणि माती झटकत तिच्या मागे पळाला. माझी मुलगी तो उठल्याचं पाहून मग वळली. त्या दुपारी मी तिच्याबरोबर गेले असते तर माझ्या मुलीला दोन-अडीच वर्षं आधी ऐकू आलं असतं. ही दोन-अडीच वर्षं म्हणजे मुलाच्या बोलण्याची वर्षं, हे मी दर महिन्याच्या माता बैठकीत चित्र दाखवून सांगत होते.

शेवटी ते उघडं पडलं शाळेत. पहिलीच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी नव्या मुलांना फुलं दिली आणि एकेकाचं नाव घेऊन पुढे बोलवायला लागले. आम्ही आया मागे उभ्या होतो. माझ्या मुलीचं नाव आलं. ती जागची हलली नाही. गुरुजींनी पुन्हा घेतलं, मोठ्याने. मी पुढे जायला पाऊल उचललं, तेवढ्यात शेजारचा एक मुलगा, माझ्याच अंगणवाडीतला, उठून म्हणाला, "गुर्जी, तिला हाक मारून चालत न्हाई. तिला हात लावावा लागतो." आणि त्याने तिच्या खांद्याला हात लावला. ती उठली, पुढे जाऊन फूल घेतलं.

म्हणजे पोरांना माहीत होतं. तीन-चार वर्षांची पोरं, त्यांना कुणी कार्ड दिलं नव्हतं, प्रशिक्षण दिलं नव्हतं. खेळताना तिला हाक मारायची नाही, शिवायचं, हे त्यांनी आपसांत कधीच ठरवून टाकलं होतं आणि रोज माझ्या डोळ्यांसमोर तसं वागत होती. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. आया माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं होतं तसं कुणी हसलं नाही. त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतंच, त्यांनाही कधीचं माहीत होतं.

बीडच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. तपासणी झाल्यावर त्यांनी कागद पुढे ठेवला आणि विचारलं, "ताई, एवढा उशीर का केलात? साडेपाच वर्षांची आहे मुलगी."

माझ्या पर्समध्ये सेविकेचं ओळखपत्र होतं. मी पदर डोक्यावर पुढे ओढला आणि म्हणाले, "सायेब, आमी खेड्यातली मानसं. आमाला काय कळतंय."

त्यांना माझी दया आली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, टेबलातून एक कार्ड काढलं आणि मला समजावून सांगायला लागले: हे बघा, इतक्या महिन्यांचं मूल आवाजाकडे वळतं, इतक्या महिन्यांचं एकेक शब्द बोलतं. तेच कार्ड. तीच चित्रं. बोट ठेवून सावकाश सांगत होते आणि मी पहिल्यांदाच बघत असल्यासारखी मान डोलावत होते. मध्ये एकदा तर "असं का?" म्हणाले. यजमान शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग खाली, स्वतःच्या चपलांकडे बघत बसले. त्यांनी हा विषय परतीच्या रस्त्याला काढला नाही, नंतरही कधी काढला नाही. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मशीन लागलं. आवाज आला, पण आवाजाचं बोलणं व्हायचं वय निघून चाललं होतं. तिला मुलींच्या निवासी शाळेत घातलं, तिथे हाताची भाषा शिकवतात, ओठ वाचायला शिकवतात. ती हुशार आहे. गणितं झटझट सोडवते, चित्रं सुंदर काढते. पण बोलते ते सुटे सुटे शब्द, आणि ते घरचेच समजू शकतात. तो मोठ्या घरचा मुलगा आता दहावीत आहे. झेंडावंदनाला भाषण करतो, मोटारसायकलवरून जाताना लांबून ओरडून मला "ताई, कशा हाव?" विचारतो. त्याचा आवाज आला की मी कामात असल्याचं दाखवते.

मुलगी मागच्या वर्षी शहाणी झाली. शाळेतच. मी गावातल्या किशोरी मुलींच्या बैठका घेते, पाळी काय असते, घाबरायचं नाही, पॅड कसं वापरायचं, सगळं सांगते. तिला सांगायला माझ्याकडे भाषाच नव्हती, हाताची भाषा मी अर्धीमुर्धी शिकले आणि सोडून दिली. तिने दोन दिवस कुणाला कळू दिलं नाही. पोटात काहीतरी फाटलं, आता आपण मरणार, असं तिला वाटलं होतं. शेवटी तिच्या बाईंनी चित्रं काढून समजावलं आणि मला फोन केला. फोनवर मी "हो, हो" म्हणत राहिले.

या दिवाळीला ती सुट्टीवर आली. दुपारची वेळ होती, मी गव्हातले खडे निवडत होते. ती समोर येऊन बसली. आता माझ्याएवढी उंच झालीय, तोंडावर पुटकुळ्या आल्यात. शाळेत त्यांना कुणीतरी कानांविषयी शिकवलं होतं. बाहेरून त्या मुलाची मोटारसायकल गेली, तिने तिच्या दिशेने बोट केलं, मग हात जमिनीपासून गुडघ्याएवढा धरून दाखवला: तो, एवढासा, मशीन. मग स्वतःकडे बोट करून हात कमरेएवढा धरला. मी, एवढी, मशीन. आणि तोंडाने म्हणाली, "का?"

मी मान सुपात घातली आणि बोलायला लागले. सगळं सांगितलं. ताटं, पेटी, गाडी, नांदूरघाट, ती बाई, डॉक्टर. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं गव्हाकडे बघत भडाभडा बोलून टाकलं, आणि मला हलकं वाटलं. मग वर पाहिलं. ती तशीच वाट बघत बसली होती. माझे ओठ तिला दिसले नव्हते, आणि दिसणार नाहीत हे मला बोलतानाच माहीत होतं.

तिने हात पुढे करून माझी हनुवटी धरली, चेहरा स्वतःकडे वळवला आणि म्हणाली, "परत."

मग मी तिच्याकडे बघून सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. मला कळलं होतं. तू लहान होतीस तेव्हाच कळलं होतं. मला लाज वाटली, म्हणून मी तुला लपवलं. ती माझ्या ओठांवरून नजर न हलवता ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिने विचारलं, "तुला... कोण... सांगितलं नाही?"

"सांगितलं," मी म्हणाले. "त्याच्या आईनं. मी तिला हाकलून दिलं."

ती रडली नाही, चिडलीही नाही. मग तिने दोन्ही कानांची मशीनं काढली, डबीत ठेवली, झाकण लावलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मला अजून बोलायचं होतं.